ब्रेन्यूसची ढाल आणि १९३० चा मोसम

कलकत्त्यास १८७३ साली स्थापन झालेला गोऱ्या साहेबांचा एक रग्बी-क्लब पाचच वर्षांत मोडला. पलटण दुसरीकडे गेली, बंगालची हवा त्या धसमुसळ्या खेळास मानवेना, आणि क्लबात फुकट मिळणारे मद्य बंद झाले तेव्हा सभासदांची भक्तीही आटली, असे सांगतात. उरल्यासुरल्या मंडळींनी मात्र एक गोष्ट मोठ्या शोभिवंतपणे केली. पेढीतील शिल्लक त्यांनी चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते २७० रुपये वितळवून त्यांचा एक चषक घडविला, त्यास नागांच्या आकृतीचे तीन कान आणि झाकणावर एक हत्ती बसविला, व १८७८ साली तो इंग्लंडच्या रग्बी-संघटनेस अर्पण केला. फुटबॉलच्या क्लबांची जशी दरसाल चषकासाठी स्पर्धा होते, तशी या चषकासाठी रग्बीच्या क्लबांची व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. संघटनेने चषक ठेवून घेतला आणि इच्छा परत केली. क्लबाक्लबांत चषकासाठी चुरस लागली की ईर्ष्या आली, ईर्ष्येमागून पैसा आला आणि पैशामागून धंदेवाईकपणा आला, म्हणून हा चषक इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या वार्षिक सामन्यास द्यावा असे ठरले. आपल्या देशातील रुपयांच्या त्या चषकाच्या नावाने ते दोन देश आजही खेळतात.

हा जुना नकार येथे प्रथम सांगितला, याला कारण आहे. इंग्रजांनी जी गोष्ट करण्याचे नाकारले, तीच गोष्ट फ्रेंचांनी पुढे चौदा वर्षांनी मोठ्या हौसेने केली. आणि इंग्रजांनी जी भीती बोलून दाखविली होती, ती ५२ वर्षांनी फ्रान्सच्या दक्षिणेतील मैदानांवर अशा रीतीने खरी ठरली की, एका अठरा वर्षांच्या मुलाचा प्राण गेला. मात्र ती भीती खरी ठरली म्हणून तिच्यातून काढलेले अनुमानही खरे ठरते काय, हा निराळा प्रश्न आहे. प्रस्तुत लेख १९२९-३० च्या फ्रेंच क्लब-स्पर्धेविषयी असला, तरी त्याचा रोख या प्रश्नाकडे आहे.

गोव्यातील वाचकांस फुटबॉल शिकविण्याची गरज नाही. रग्बीविषयी मात्र दोन शब्द सांगावे लागतील. पंधरा-पंधरा गड्यांचा हा खेळ लांबट, अंडाकृती चेंडूने खेळतात. चेंडू हाती घेऊन पळता येते, तो मागे फेकता येतो, पायाने पुढे लाथाडता येतो. आणि ज्याच्या हाती चेंडू आहे त्याला धरून जमिनीवर लोळविता येते. ज्याच्या हाती चेंडू नाही त्याला मात्र हात लावावयाचा नाही. या एका नियमावर खेळाची सारी सभ्यता उभी आहे. धावणारा गडी पूर्ण वेगात असतो, धरणाराही पूर्ण वेगात असतो, आणि चेंडू सुटून गेल्यावर अर्ध्या क्षणाने बसलेली पकड ही नुसती चूक आहे की कसूर आहे, हे ठरविणारा पंच एकटाच. हुतूतूच्या मैदानात ज्यांनी पकडीचा जोर अंगावर झेलला आहे, त्यांना या अर्ध्या क्षणाचे मोल समजावून सांगावयास नको.

फ्रान्समधील स्पर्धेचा आरंभ अगदी सौम्य होता. १८९२ च्या मार्चमध्ये पॅरिसमधील बागातेल येथे रासिंग क्लब आणि स्ताद फ्रांसे या दोन संघांत पहिला सामना झाला. पुढे ऑलिम्पिक सामन्यांचे पुनरुज्जीवन करणारे पिएर द कूबेर्तँ हे त्या सामन्याचे पंच होते. रासिंगने तो ४ विरुद्ध ३ गुणांनी जिंकला. विजेत्यांसाठी कूबेर्तँ यांच्या कल्पनेवरून शार्ल ब्रेन्यूस नावाच्या कोरीवकाम करणाऱ्या कलावंताने एक ढाल तयार केली. लाकडी फळीवर पितळेचे कोरीव पान, आणि त्यावर हा खेळ मातृभूमीसाठी आहे अशा अर्थाचे लॅटिन शब्द, असे तिचे रूप होते. क्रीडास्पर्धांतील विजयचिन्हास ‘ढाल’ म्हणण्याची आपल्याकडील पद्धत येथे अक्षरशः लागू पडते. ब्रेन्यूसची ढाल हेच तिचे नाव पुढे रूढ झाले, आणि ते आजतागायत चालू आहे.

पहिली काही वर्षे ही स्पर्धा म्हणजे पॅरिसच्या सुखवस्तू घराण्यांतील तरुणांचा घरगुती मामला होता. परंतु १८९९ साली ढाल बोर्दोस गेली, आणि मग तिचे पाऊल दक्षिणेकडेच वळले. मद्याचे व्यापारी, शाळामास्तर, रेल्वेतील कारकून, द्राक्षमळ्यांतील शेतकरी यांनी हा परका खेळ इतका आपलासा केला की, गारोन नदीच्या खोऱ्यापासून पिरेनीज पर्वताच्या पायथ्यापर्यंत गावोगाव देवळाच्या मनोऱ्याइतकेच रग्बीचे उंच खांबही गावाची खूण होऊन बसले. गावाचा संघ हरला तर गाव हरले. एके काळी उत्तरेच्या स्वाऱ्यांत आपली भाषा व आपले संस्थान गमावून बसलेल्या त्या प्रदेशाला पॅरिसवर मात करण्याचे एक साधन त्यात सापडले असावे, असे काही इतिहासकार म्हणतात. ते सर्वस्वी खरे नसले तरी अगदीच निराधारही वाटत नाही. १९१४ च्या अंतिम सामन्यात पर्पिन्याँने तार्बचा ८ विरुद्ध ७ असा एका गुणाने पराभव केला. निर्णायक लाथ मारणारा एमे जिराल हा जेमतेम अठरा वर्षांचा पोर होता. पुढल्याच वर्षी तो युद्धात पडला. पर्पिन्याँचे मैदान आज त्याच्या नावाने ओळखले जाते.

पहिले महायुद्ध संपल्यावर खेळाची वाढ झपाट्याने झाली. फ्रेंच रग्बी-संघटना १९१९ साली स्वतंत्रपणे उभी राहिली, आणि चारपाच वर्षांच्या आत क्लबांची संख्या कित्येक पटींनी वाढली. तिकिटांचे उत्पन्न वाढले, वर्तमानपत्रांचे रकाने वाढले, आणि ढालीसाठी काहीही करावयास तयार असलेली माणसेही वाढली. तूलूझच्या संघाने १९२२ ते १९२७ या सहा वर्षांत पाच वेळा ढाल जिंकली. त्यांचा खेळ देखणा होता. परंतु त्यांना हरविण्याचा मार्ग देखण्या खेळातून जात नाही, असे अनेक लहान गावांनी आपल्या मनाशी ठरवून टाकले.

अशा गावांपैकी कियाँ हे एक. ओद नदीच्या वरच्या खोऱ्यात, डोंगरांच्या कुशीत वसलेले हे अवघ्या काही हजार वस्तीचे गाव. त्या खोऱ्याचा धंदा म्हणजे टोप्या. लोकरीच्या नमद्यापासून पुरुषांच्या टोप्या बनविणारे कारखाने कियाँ व शेजारच्या एस्पेराझा येथे भरभराटीस आले होते. झां बूरेल हा कियाँचा मोठा टोपी-कारखानदार. टोप्यांची जाहिरात करण्यास भिंतीवरील चित्रांपेक्षा रग्बीचा विजयी संघ अधिक उपयोगी पडेल, हे या गृहस्थाने वेळीच ओळखले. त्याने पर्पिन्याँहून जिल्बेर ब्रूट्यूस नावाचा शिक्षक आणला, आणि त्याच्या मागोमाग पर्पिन्याँचे उत्तमोत्तम गडीही आणले. कागदोपत्री ही सारी मंडळी हौशी होती. प्रत्यक्षात कोणी कारखान्यात नोकरीस, कोणी दुकानावर, कोणी टोप्यांचा फिरता विक्रेता. आणि त्या नोकरीत टोपी विकण्यापेक्षा रविवारचा सामना जिंकणे अधिक महत्त्वाचे होते, हे लहान मुलालाही ठाऊक होते.

‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ ही जोडी आपल्या रंगभूमीमुळे मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. आपल्याकडे धंदेवाईक नट म्हटला म्हणजे त्यास कोणी गुन्हेगार समजत नाही. फार तर हौशी मंडळी त्याच्याविषयी नाक मुरडतात. रग्बीच्या राज्यात मात्र धंदेवाईकपणा हा अपराध होता. इंग्लंडच्या उत्तरेतील कामगार-वस्तीच्या क्लबांनी, सामन्यासाठी बुडालेल्या रोजंदारीचे चार पैसे गड्यांना द्यावेत एवढीच मागणी केली, आणि ती फेटाळली गेल्यावर १८९५ साली २२ क्लब मूळ संघटनेतून बाहेर पडले. तेव्हापासून या खेळाचे दोन पंथ झाले. जुन्या पंथाने हौशीपणाचे सोवळे अधिकच कडक केले. सोवळे कडक झाले की चोरून खाणे वाढते, हा अनुभव रग्बीपुरताच मर्यादित नाही.

१९२७ साली कियाँ व पर्पिन्याँ यांच्या सामन्यात कियाँचा गडी गास्तों रिव्हिएर हा जबर जखमी होऊन मरण पावला. पर्पिन्याँचे प्रेक्षक आपल्या पळविलेल्या गड्यांवर संतापलेले होते, आणि कियाँचे गडी आपल्या जुन्या सोबत्यांपुढे कमी पडावयास तयार नव्हते. एवढी वैराची सामग्री एका मैदानात गोळा झाल्यावर पंचाच्या शिट्टीने काय होणार? त्या मृत्यूनंतर काही दिवस शोक झाला, निषेधाचे ठराव झाले, आणि स्पर्धा पुढे चालू राहिली.

१९२८ साली कियाँ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि पो या संघाकडून ४ विरुद्ध ६ गुणांनी हरले. १९२९ साली ते पुन्हा आले. या खेपेस समोर लेझिन्याँ हे त्याच ओद परगण्यातले दुसरे लहान गाव होते, म्हणजे भाऊबंदकीच. लेझिन्याँचा शिक्षक झां सेबेदियो हा जुना आंतरराष्ट्रीय गडी. लोक त्यास ‘सुलतान’ म्हणत. डोक्यावर भली मोठी मेक्सिकन टोपी आणि हातात लांब चाबूक घेऊन तो मैदानात बसे व आपल्या गड्यांकडून मेहनत करवून घेई, अशी त्याची आख्यायिका आहे. तूलूझ येथे झालेल्या त्या अंतिम सामन्यात लेझिन्याँ एके वेळी ८ विरुद्ध ० असे पुढे होते. कियाँने शेवटी ११ विरुद्ध ८ अशी ढाल जिंकली. परंतु गुणांपेक्षा ठोसेच अधिक मोजले गेले. मैदानातील मारामारी प्रेक्षकांत पसरली. फ्रान्समधील सगळ्यांत मोठ्या क्रीडासन्मानाची अंतिम झुंज दोन खेडेगावांत झाली, हे ऐकावयास किती मनोहर आहे! ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांना तीत फारसे मनोहर काही दिसले नाही.

असा १९२९-३० चा मोसम उजाडला, आणि त्याची गंमत अशी की, फ्रेंच रग्बीच्या वैभवाचेही तेच वर्ष होते. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स व फ्रान्स या पाच राष्ट्रांच्या वार्षिक सामन्यांत फ्रान्सने १९३० साली स्कॉटलंडला व आयर्लंडला हरविले. इंग्लंडकडून मात्र हार खाल्ली. उरला तो वेल्सविरुद्धचा सामना. तो जिंकला असता तर पाच राष्ट्रांचे अग्रस्थान इतिहासात प्रथमच फ्रान्सला मिळणार होते. २१ एप्रिल १९३० रोजी, ईस्टरच्या सोमवारी, पॅरिसजवळच्या कोलोंब येथे प्रचंड गर्दी लोटली. वेल्सने ११ विरुद्ध ० असा विजय मिळविला. परंतु पाहुण्या संघाबरोबर आलेल्या मंडळींनी मायदेशी नेली ती विजयाची वार्ता थोडी आणि फुटलेल्या ओठांची व नाकांची हकीकत फार. गुद्दे दोन्ही बाजूंनी चालले होते, हे खरे. प्रेक्षकांनी केलेला गदारोळ मात्र एकाच बाजूचा होता. या लोकांना अशा गोष्टींची पूर्वपीठिकाही होती. १९१३ च्या नववर्षदिनी स्कॉटलंडविरुद्धच्या पराभवानंतर पॅरिसच्या प्रेक्षकांनी इंग्रज पंचाच्या अंगावर धाव घेतली होती, आणि पुढल्या वर्षी स्कॉटलंडने फ्रान्सशी खेळण्याचेच नाकारले होते. १९२४ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेने फ्रान्सला १७ विरुद्ध ३ असे अंतिम सामन्यात नमविले, तेव्हाही मैदानाभोवती काठ्या चालल्या. त्यानंतर पंधरा गड्यांची रग्बी ऑलिम्पिकमध्ये पुन्हा कधी खेळली गेली नाही.

वेल्सचा सामना होऊन पुरता पंधरवडा लोटतो न लोटतो तोच, मे १९३० च्या आरंभी, क्लब-स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत अजाँ व पो यांची गाठ पडली. अजाँ हे गारोनच्या काठचे, सुकविलेल्या आलुबुखाऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. पो हे पिरेनीजच्या पायथ्याचे, राजा चौथा हेन्री याचे जन्मस्थान. अजाँच्या बगलेला मिशेल प्रादिए नावाचा अठरा वर्षांचा मुलगा खेळत होता. बगलेचा गडी म्हणजे संघातील सर्वांत वेगवान धावणारा. पो संघातील एका गड्याने, आणि हा गडी फ्रान्सतर्फे आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला होता, चेंडू निघून गेल्यानंतर प्रादिएवर उशिराची, जबरदस्त पकड टाकली. मुलगा कोसळला. त्या आघातातून तो वाचला नाही. प्रकरण न्यायालयात गेले. पकड करणारा दोषी ठरला, शिक्षा सौम्य आणि तीही स्थगित अशी झाली.

त्या गड्याने प्रादिएचा जीव घेण्याचा विचार केला होता, असे कोणीही म्हणाले नाही, आणि तसे मानण्यास आधारही नाही. असंख्य सामन्यांत अशा असंख्य पकडी झाल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक घटकाभराच्या शिव्याशापांत विरून गेल्या होत्या. यातच या मोसमाचे खरे दुःख आहे. ज्या कृत्याबद्दल न्यायालयाने एका माणसास दोषी धरले, ते कृत्य करण्याचा सराव त्याला आणि त्याच्यासारख्या शेकडो गड्यांना दर रविवारी हजारो लोकांच्या टाळ्यांनी दिला होता. टाळ्या वाजविणाऱ्यांवर खटला भरण्याची सोय कोणत्याही कायद्यात नाही.

अजाँचा संघ अंतिम सामना खेळला. तो खेळावयास नको होता, असे आज म्हणणे सोपे आहे. मृत सोबत्यासाठी ढाल आणावी, ही भावनाही माणसाच्या स्वभावास धरून आहे. १८ मे १९३० रोजी बोर्दो येथे कियाँ आपली ढाल राखण्यासाठी सलग तिसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात उभे राहिले. ऐंशी मिनिटे संपली तेव्हा दोन्ही संघांचा एकही गुण झाला नव्हता. जादा वेळ देण्यात आला. त्या जादा वेळात अजाँच्या मारियूस गिरालने चेंडू जमिनीवर टेकवून उसळताक्षणी लाथ मारली आणि तो दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून पार केला. अशा लाथेला त्या काळी चार गुण मिळत. चेंडू घेऊन विरोधी रेषेपलीकडे टेकविण्यास तीनच. अजाँ ४, कियाँ ०. साऱ्या सामन्यात मिळून तेवढी एकच लाथ! दोन संघ एकमेकांस किती घट्ट धरून होते, आणि चेंडू मोकळा खेळविण्याची दोघांनाही किती धास्ती वाटत होती, याचे हा आकडा जितके बोलके वर्णन करतो तितके कोणत्याही बातमीदाराला करता आले नसते. अजाँची ही पहिली ढाल. पुढे १९८८ पर्यंत त्यांनी आणखी सात जिंकल्या, आणि त्यांतल्या कित्येक फार सुंदर खेळ करून जिंकल्या. या पहिलीवर मात्र प्रादिएची सावली आहे.

मोसम संपला, पण त्याचे कवित्व उरले. १९३०-३१ च्या हिवाळ्यात देशातील जुन्या व वजनदार क्लबांनी राष्ट्रीय संघटनेचा त्याग केला. आरंभी दहा, मग बारा, शेवटी चौदा क्लब एकत्र येऊन त्यांनी ‘हौशी रग्बीचा फ्रेंच संघ’ अशा अर्थाच्या नावाची वेगळी चूल मांडली. तूलूझ, बायोन, बियारिट्झ, कार्कासोन, स्ताद फ्रांसे, पर्पिन्याँ आणि पो हे त्यांत होते. त्यांचे म्हणणे असे की, राष्ट्रीय स्पर्धेने खेळ नासविला. मारामारी आणि छुपा पगार ही त्या स्पर्धेची दोन अपत्ये. तेव्हा आपण आपसांत खेळावे आणि हौशी धर्म पाळावा. यादीतील शेवटची दोन नावे वाचकाने पुन्हा एकदा वाचावी. १९२७ चा मृत्यू पर्पिन्याँच्या विरुद्ध खेळताना घडला होता, आणि १९३० चा पो संघाच्या हातून. पश्चात्ताप म्हणावे, तर तसा शब्द त्यांच्या जाहीर भाषेत ठळकपणे दिसत नाही. शिवाय, या जुन्या क्लबांकडून अलीकडच्या दोन वर्षांत ढाल निसटून ती टोप्यांच्या आणि आलुबुखाऱ्यांच्या गावांकडे जाऊ लागली होती, हाही योगायोग दृष्टिआड करता येत नाही. तक्रार खरी असूनही तक्रार करणाराचा हेतू सर्वस्वी शुद्ध नसतो, असे जगात वारंवार घडते.

फुटीर क्लबांच्या या तक्रारीनेच ब्रिटिश संघटनांच्या हाती आयते शस्त्र दिले. मार्च १९३१ मध्ये चारही ब्रिटिश राष्ट्रांनी फ्रेंच संघटनेस कळविले की, फ्रान्समध्ये हा खेळ ज्या रीतीने चालविला व खेळला जातो ती समाधानकारक नाही, आणि कारभार मुळापासून सुधारल्याची खात्री पटेपर्यंत आम्ही फ्रान्सशी किंवा फ्रेंच क्लबांशी खेळणार नाही. पत्र गेले तेव्हा त्या वर्षीचा एक सामना शिल्लक होता. ६ एप्रिल १९३१ रोजी कोलोंब येथे फ्रान्सने इंग्लंडला १४ विरुद्ध १३ असे हरविले. निरोपाचा सामना एका गुणाने जिंकला, आणि दार बंद झाले. फुटीर क्लब १९३२ साली परतले, परंतु ते दार उघडले नाही.

बहिष्काराची वर्षे फ्रेंच रग्बीस फार जड गेली. जर्मनी, इटली, रुमानिया यांच्याशी सामने खेळून, आणि १९३४ साली त्यांच्यासह एक निराळी आंतरराष्ट्रीय संघटना उभी करून फ्रेंचांनी वेळ भागविली. पण तो बदली दिवाणखाना होता. याच पोकळीत तेरा गड्यांची, उघड पगाराची रग्बी फ्रान्समध्ये शिरली. तिला आणणारा झां गालिया हा कियाँकडून खेळलेला नामांकित आघाडीवीर. छुप्या धंदेवाईकपणाच्या आरोपावरून संघटनेने त्याला दूर केले, तेव्हा त्याने १९३४ च्या आरंभी इंग्लंडात संघ नेला आणि परत येऊन नवा पंथ उघडला. दक्षिणेतील गावेच्या गावे त्या पंथाकडे वळली. फ्रान्सचा पाडाव झाल्यावर १९४१ साली व्हिशीच्या सरकारने या तेरा गड्यांच्या खेळावर बंदी घातली आणि त्याची मालमत्ता जप्त केली. बंदी युद्धानंतर उठली, तरी ‘रग्बी’ हा शब्द आपल्या नावात वापरण्याचा हक्क त्यांना मिळावयास पुढे कित्येक दशके लागली. हौशीपणाच्या सोवळ्याचे हे टोक फारसे कोणी सांगत नाही.

इंग्रजांचे मूळ गाऱ्हाणे राष्ट्रीय क्लब-स्पर्धेवरच होते. ती बंद करा, म्हणजे बाकीचे आपोआप सुधारेल. १९३९ साली फ्रेंच संघटनेने ही अट मानण्याची तयारी दाखविली, ब्रिटिशांनी संबंध पुन्हा जोडण्याचे मान्य केले, आणि तेवढ्यात दुसरे महायुद्ध पेटले. पाच राष्ट्रांच्या सामन्यांत फ्रान्स परतले ते १९४७ साली. स्पर्धा मात्र युद्धकाळातच, १९४३ मध्ये, पुन्हा सुरू झाली होती. १९५० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत ही तक्रार ब्रिटिशांनी पुन्हा काढली आणि स्पर्धा बंद करण्याची भाषाही फ्रेंच अधिकाऱ्यांच्या तोंडी आली. परंतु प्रांतोप्रांतीच्या क्लबांनी ते मानले नाही. पत्राला नम्र उत्तर गेले आणि ढालीचे सामने चालूच राहिले.

१९३० च्या मोसमापुरता विचार केला तर ब्रिटिशांचे निदान अर्धे बरोबर होते, असे माझे मत आहे. स्पर्धेने ईर्ष्या वाढविली, यात शंका नाही. उपान्त्य सामना तटस्थ मैदानावर, दोन्ही गावांहून भरभरून येणाऱ्या आगगाड्या, एका पराभवाने सारा मोसम फुकट, आणि मध्ये एक पंच. अशा मांडणीत रक्त तापणारच. परंतु ज्या गड्याची भाकरी सामन्यावर अवलंबून आहे आणि तरी जो कागदोपत्री टोप्या विकतो, त्याला कोण शिस्त लावणार? उघड करार असता तर करार मोडल्याची शिक्षा असती. पगारच नाही म्हटल्यावर मालक नाही, मालक नाही म्हटल्यावर जबाबदारी नाही. बूरेलच्या कारखान्यातील नोकरी आणि मैदानातील ठोसा यांच्यामध्ये जो पडदा होता, तो हौशीपणाच्या नियमानेच विणलेला होता. वेल्समधील क्लबांतूनही गड्यांच्या बुटांत सामन्यानंतर नाणी सापडत, अशी कुजबुज त्या काळीही होती. वेल्सला कोणी बहिष्कृत केले नाही.

इंग्लंडने अखेर आपली राष्ट्रीय क्लब-स्पर्धा सुरू केली ती १९७१-७२ साली, आणि तिचा पहिला चषक ग्लॉस्टरने जिंकला. कलकत्त्याच्या मंडळींची विनंती मान्य व्हावयास असे एक शतक थोडक्यात पुरे होत आले. हौशीपणाचा नियम १९९५ च्या ऑगस्टमध्ये रद्द झाला; तो रद्द केल्याची घोषणा आंतरराष्ट्रीय मंडळाने केली ती पॅरिस शहरात.

राहिली ती माणसे. जिल्बेर ब्रूट्यूस पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाला, म्हणजे ज्या अर्ध्या क्षणाचा निवाडा करणे अवघड, तो करण्याचे काम त्याने पत्करले. जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये तो प्रतिकार-चळवळीत होता. १९४४ साली गेस्टापोच्या छळात त्याचा अंत झाला. पर्पिन्याँमधील तेरा गड्यांच्या रग्बीचे मैदान आज त्याच्या नावाचे आहे, आणि त्याच शहरात पंधरा गड्यांच्या मैदानाला एमे जिरालचे नाव आहे. गालिया १९४९ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावरून थोडा पुढे सरकतो तोच वारला.

कियाँ पुन्हा कधीही अंतिम सामन्यास पोहोचले नाही. जगभर मंदी आली, बूरेलचा पैसा आटला, विकत आणलेले गडी पांगले. आणखी काही वर्षांनी पुरुषांनी टोप्या घालणेच सोडले. त्या खोऱ्यातले कारखाने एकामागून एक बंद पडले. एस्पेराझाला आता टोप्यांचे संग्रहालय आहे. कियाँत पुढे फॉर्मायकाचे पत्रे बनविणारा कारखाना आला, आणि तोही २००४ साली बंद झाला. विजेत्यांच्या यादीत १९२९ या सालापुढे त्या गावाचे नाव आहे, आणि त्याच्या पुढल्या ओळीत अजाँचे.